आतली कडी

कोयत्याचं टोक दाराच्या फळीतून माझ्या कानाजवळ आत आलं आणि परत बाहेर गेलं. मी दाराला पाठ लावून खाली बसले होते, दोन्ही पाय खाटेला रेटून. पलीकडून माझ्या खोलीत उतरलेली बाई खाट माझ्याकडे ढकलत होती. तिचा दंड फाटला होता, रक्त कोपरापर्यंत आलं होतं. दाराला आतून कडी नव्हती.

"म्हातारे, सरक! माझी बायकू हाय ती!"

"तुझी हाय तर कोयता कावून आणला रे?"

कडी मीच काढली होती. मांजरसुंब्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझ्या तीन खोल्या आहेत. ड्रायव्हर, लग्नाला आलेली माणसं एक-दोन दिवस राहतात. खोल्या सुरू करताना कुठे काय नियम आहे ते मी स्वतः फिरून विचारलं. आमच्या पंचायतीचं म्हणणं एवढंच, की आधारची झेरॉक्स घ्या आणि वहीत नाव लिहा. तालुक्याला वर पोलिसांचा फॉर्म. घाटाखालच्या गावाने मात्र ठराव केलेला. एकट्या बाईला खोली नाही आणि पोरं-पोरी चाळे करतात म्हणून कुठल्याच खोलीला आतून कडी नाही. एकट्या बाईचं मला पटलं नाही, मी स्वतः एकटी आहे. कडीचं पटलं. आमच्या गावात कुणी सांगितलं नसताना मी तिन्ही दारांचे स्क्रू काढले आणि कड्या डब्यात टाकल्या.

ती बाई आष्टीकडची, ऊसतोडीवरून नवऱ्याला सोडून पळालेली. आधी घाटाखाली गेली. तिथल्या खोलीवाल्याने आधारवरचं गाव वाचलं आणि त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. ती तशीच उठून माझ्याकडे आली. आल्या आल्या तिने दाराची आतली बाजू पाहिली.

"मावशी, कडी कुठं हाय?"

"हितं न्हाई कडी. कोण येतंय तुला खायला?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा माग काढत आला. सरळ आत शिरला आणि पहिला घाव तिच्या दंडावर घातला. मी त्याच खोलीत फरशी पुसत होते. बादली त्याच्या तोंडावर हाणली, तो उंबऱ्याबाहेर पडला, आणि मी आतून दार लोटलं.

आता तो खांद्याने धडका मारत होता. समोरच्या हॉटेलवर माणसं चहा पीत होती.

"सोड की मावशे! नवरा-बायकूचं भांडण हाय!" एकजण ओरडला.

"तू ये की मंग मधी, मर्दा!"

तो काही आला नाही. दार वीतभर उघडलं. मी फट धरली आणि त्याने माझ्या डाव्या हातावर कोयता मारला. दोन बोटं बाहेर पडली. मी पाठ काढली नाही.

शेजारचा पंक्चरवाला टायर काढायची टामी घेऊन धावत आला. "अम्मा, दार छोडू नको!" त्याचा आवाज ऐकला, मग हाड मोडल्याचा, मग कोयता फरशीवर पडल्याचा. पंक्चरवाल्याने त्याला पोलीस येईपर्यंत टामीखाली दाबून धरलं.

तिच्या दंडाला टाके पडले. तिन्ही दारांना कड्या मी परत बसवून घेतल्या, डाव्या हाताने स्क्रू धरता येत नाही म्हणून पंक्चरवाल्याकडून.

ती जगली. मी जगले. तोही जगला.