विजया मॅडमचं खातं

बँकेत मला सगळे ‘विजया मॅडम’ म्हणायचे. माझं नाव ते नाही. विजया म्हणजे भांगेचं झाड, आयुर्वेदात त्याला हेच नाव आहे. मी वैद्य आहे. शहरातल्या कोठी भागात माझा दवाखाना आहे, आणि मागच्या दोन खोल्यांत मी विजयाच्या पानांपासून दुखण्यावरचं तेल करते, थेंब मोजून जिभेवर घ्यायचं. सरकारचा रीतसर परवाना आहे, तो भिंतीवर लावलाय. खातं उघडताना ‘विजया तेल’ असं स्वच्छ लिहून दिलं होतं. बँकेतल्या लोकांना ते मालकिणीचं नाव वाटलं. मी हसून सोडून दिलं. मी बँकेत गेले की चहा मागवायचे माझ्यासाठी.

हा सगळा उद्योग मी सुरू केला तो माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ताईचा कॅन्सर गेला, पण जाताना पायांच्या नसांची वाट लावून गेला. पायाला चादर घासली तरी कळवळायची. झोपेच्या गोळ्यांनी उलट्या व्हायच्या. तिच्या डॉक्टरांना विचारून मी तेल सुरू केलं आणि बाई झोपायला लागली. वर मलाच टोमणे, “तुझं तेल म्हणजे कुजक्या गवताचं पाणी आहे, यात जरा वेलची तरी घाल.” तिच्यासारखे आणखी पेशंट यायला लागले, तसा माझा व्याप वाढला.

एका दुपारी दवाखान्यातलं कार्डाचं मशीन चालेना. मला वाटलं नेट गेलं असेल. बँकेत फोन केला तर कळलं, खातं गोठवलंय. तशीच उठून गेले. मॅनेजर बोलायला फार गोड माणूस. खालच्या आवाजात म्हणाला, “मॅडम, ये गांजे का काम है बोलके आप पहले बताएच नहीं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गांजा नाही, पान आहे, औषध आहे, हा परवाना बघा म्हटलं. त्याने बघितला. उलटून पण बघितला. “कागद बराबर है मॅडम, आपकी गलती नहीं. लेकिन ऊपर से आया.” कोणत्या नियमाने, विचारलं. त्याने नुसतं वर बोट दाखवलं. लेखी द्या म्हटलं, तर लेखी देता येत नाही. म्हणजे कागद बरोबर, माझी चूक नाही, आणि खातं मात्र बंद. ‘ऊपर से आया’ एवढं म्हटलं की आमच्या या शहरात कोणीही हात झटकून मोकळा होतो. मला एकदा त्या ‘ऊपर’वाल्याला समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, तुझी बहीण कधी रडलीय का पाय धरून?

त्या दिवशी चहा आला नाही.

मग मी बँका हिंडत सुटले. एका ठिकाणी अर्ज घेतला आणि ‘भांग’ ऐकल्यावर परत सरकवला, दोन बोटांनी, जणू त्याला वास येत होता. दुसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे फॅमिलीवाले लोक येतात. म्हणजे मी काय जंगलातून आले होते? तिसरीकडे कॉम्प्युटरमध्ये माझा धंदा कशात बसवायचा तेच कळेना, आणि कशातच बसत नाही म्हणून मीच नको. माझा सीए पुण्याचा, हुशार पोरगा. तो म्हणाला, “मॅडम, सरळ केसांचं तेल लिहा ना. उद्या खातं उघडून देतो.”

“का लिहू?” मी म्हटलं. “सरकारने शिक्का मारून दिलेलं औषध मी चोरून विकू?”

“तुम्ही फार मनाला लावून घेता.”

हो, घेते. कॉलेजात घासून शिकले, परवान्यासाठी चपला झिजवल्या, एकेक बाटली तपासून घेते. ते काय टक्कल पडलेल्यांना फसवायला? नाही लिहिलं. आजही लिहिणार नाही.

पण पान संपत आलं. ते दुसऱ्या राज्यातून येतं, परवाना असलेल्या माणसाकडून. तो पैसे फक्त धंद्याच्या खात्यातून आलेलेच घेतो. रोख देते म्हटलं तर बिचारा घाबरला, “रोख घेतली तर माझंच दुकान बंद होईल.” त्याचंही बरोबर. या भानगडीत सगळ्यांचंच बरोबर होतं. शेवटच्या बाटल्या मी पेशंटना वाटून दिल्या, एक ताईला. तीही संपली. नवीन खातं अजून कुठेच नव्हतं.

रविवारी सकाळी मी दिलसुखनगरला ताईकडे गेले. दाजींनी दार लावून घेतलं, कडी घातली. दाजी म्हणजे जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस, पान-तंबाखू सोडा, सुपारीसुद्धा कधी तोंडात टाकली नाही. त्यांनी खिशातून एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली.

“मागच्या गल्लीत मिळालं. कोचिंगची पोरं घेतात तिथून.”

“दाजी, डोकं फिरलंय का तुमचं? पोलिसांनी धरलं असतं म्हणजे?”

“धरलं नाही. विचारलंसुद्धा नाही काही. फोनवरून पैसे दिले, त्याने स्कॅनर लावलाय. लगेच गेले.” मग खाली बघत म्हणाले, “ती चार दिवस झोपली नाहीये. तू तेल देतेस का? दे, मी हे आत्ता टाकून देतो.”

मी काय देणार होते? कपाळ? ताई पलंगावर पाय उघडे टाकून बसली होती, डोळे सुजलेले. तिने पुडी हातात घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“हे किती घ्यायचं गं? तेलाचे कसे थेंब सांगायचीस, तसं याचं सांग.”

मी पुडी उघडली. काड्या, बिया, आणि पानाला येऊ नये असा कसला तरी उग्र वास. त्यात काय मिसळलं होतं देव जाणे. किती घ्यायचं ते मला सांगता येईना. मी ती पुडी उचलली, मोरीत रिकामी केली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

बाहेर आले तेव्हा ताई शांतपणे पाय पोटाशी घ्यायचा प्रयत्न करत होती.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “मग आज मी काय घेऊ?”