देखरेखीच्या रकान्यातली खाला

तिस्वाहिन हे आमच्या, बगदादच्या दक्षिणेकडच्या मुलखातलं जुनं अरबी नाव, आता कोणी मुलींना ठेवत नाही. घरात सहावी मुलगी झाली, लोक तोंड पाडून भेटायला आले, तेव्हा बाप चिडून म्हणाला, "ही एकटी सगळ्यांना भारी आहे." तिस्वाहिनचा अर्थ तोच. तेच नाव पडलं. हॉस्पिटलच्या कागदांवर मात्र ती 'प्रसूती परिचारिका, श्रेणी दोन' होती. चौतीस वर्षं श्रेणी दोनच. बाळंतपणाच्या विभागात शिकायला असलेल्या आम्ही अकरा निवासी डॉक्टर मुली तिला खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. ती आम्हाला यम्मा म्हणायची, आया आपल्या लेकींना म्हणतात तसं.

ठेंगणी, रुंद मनगटांची बाई. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा सीमेवर गेला आणि परत आला नाही. मूल नव्हतं. सकाळी समून पाव आणि गैमर, म्हणजे म्हशीच्या दुधाची घट्ट साय, घेऊन यायची, आम्हाला भिंतीशी उभं करून खायला लावायची. "उपाशी डॉक्टरचा हात थरथरतो," म्हणायची. "आणि थरथरणारा हात बाईला कळतो."

आमचं शहर दिजला नदीच्या काठी, अमाराच्या मोठ्या हॉस्पिटलपासून तासाभराच्या वाटेवर. हॉस्पिटलला प्रशिक्षण केंद्राची मान्यता होती. दारावर पितळी पाटी, आत नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आम्हाला शिकवणारे म्हणून कागदावर तीन मोठे डॉक्टर. त्यातले एक तीन वर्षांपूर्वी स्वीडनला गेले ते तिकडचेच झाले. दुसऱ्यांना पक्षाघात झाला होता. उरल्या डॉ. बल्कीस. बाई हुशार होती, मनाने वाईटही नव्हती. पण सकाळी दोन तास येऊन जायची, कारण बाजारातल्या दवाखान्यात तिच्या दारापुढे बायकांची रांग असायची. दुपारी दोन वाजले की हॉस्पिटलमध्ये मोठा डॉक्टर औषधालाही सापडत नसे.

बाळंतपणं मात्र घड्याळ बघून होत नाहीत.

माझा पहिला मोठा रक्तस्राव दुपारी अडीचचा. मी दुसऱ्या वर्षाला होते. बाळ रडलं, वार पडली, आणि मग रक्त थांबेचना. इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. डॉ. बल्कीसना फोन लावला तर वाजत राहिला. पुस्तकात वाचलेलं सगळं डोक्यातून गेलं आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"यम्मा, भिंतीकडे काय बघतेस? भिंत बाळंत झालेली नाही," खाला म्हणाली.

तिने माझा उजवा हात धरला, मूठ वळवली, आत घालायला लावली. डावा हात पोटावर ठेवला आणि त्यावर आपला. "आता दोन्ही हातांच्या मध्ये पिशवी दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"किती वेळ, खाला?"

"मला नको, तिच्या पोटाला विचार. हाताला मळलेलं पीठ लागतंय तोवर दाबायचं. कपाळासारखं कडक झालं की हात काढायचा."

चाळीस मिनिटं लागली. माझे खांदे बधिर झाले, मी रडत होते, आणि खाला त्या बाईला तिच्या म्हशींबद्दल विचारत होती, शुद्धीवर राहावी म्हणून. मग हाताखाली कपाळ लागलं. ती बाई चार पोरांकडे चालत घरी गेली.

संध्याकाळी मी केसवही उघडली. प्रत्येक निवासी डॉक्टरला अशी वही ठेवावी लागते. काय केलं, कधी केलं, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणाच्या देखरेखीखाली'. त्या रकान्यात सगळ्याजणी डोळे मिटून 'डॉ. बल्कीस' लिहायच्या. दर गुरुवारी अकरा वह्यांची चळत बाईंच्या टेबलावर जायची, आणि चहाचा छोटा काचेचा पेला, इस्तिकान, संपेपर्यंत हिरव्या शाईने सगळ्या सह्या होऊन जायच्या. पानावर काय आहे ते बाईंनी कधी वाचलं नाही. त्या दिवशी मला ते नाव लिहवेना. मी लिहिलं, 'सिस्टर तिस्वाहिन'. गुरुवारी त्याखाली हिरवी सही आली. मग मी जे खरं ते लिहीत गेले. दीड वर्षात एकेचाळीस वेळा.

मला त्याचा अभिमान वाटायचा. आज सांगताना लाज वाटते, पण वाटायचा.

पुढे बगदादहून पत्र आलं, की वैद्यकीय मंडळाची तीन माणसं केंद्राची तपासणी करायला येणार. मान्यता टिकली तर ठीक, नाहीतर निवासी डॉक्टरांना दुसरीकडे हलवणार. हॉस्पिटलमध्ये धावपळ उडाली. भिंतींना रंग लागला. शेजारच्या शहरातले दोन मोठे डॉक्टर एका दिवसापुरते आणायचे ठरले, दुपारच्या मसगूफसाठी, म्हणजे निखाऱ्यांवर भाजायला, मासे सांगून ठेवले. आम्हाला फर्मान सुटलं, वह्या स्वच्छ करा, हवं तर नव्याने उतरवा. बाकीच्या दहाजणी कामाला लागल्या.

माझ्या वहीत काय आहे ते खालाला कोणीतरी सांगितलं. चादरींच्या कपाटापाशी तिने मला गाठलं.

"इनास, माझं नाव खोड."

"का खोडू? खोटं आहे का?"

"खरं-खोटं तू मशिदीत बघ. इथे नाव खोड."

"खाला, चौतीस वर्षं तू डॉक्टर घडवलेस. एकदा तरी कागदावर यायला नको? त्या लोकांना कळू दे."

"कळून ते मला मेडल लावणार?" ती हसली, मग हसू थांबलं. "ऐक यम्मा. मला नाव नको. मला दुपारी अडीचला इथे तुम्ही पोरी हव्या आहात. अर्ध्या शिकलेल्या का असेनात, डॉक्टर आहात. तुम्हाला नेलं तर मी एकटी काय करू?"

"नेणार नाहीत. खरं ऐकून चिडतील ते डॉ. बल्कीसवर."

"ही उंटावरची शहाणी मला शिकवतेय," ती कपाटाला म्हणाली. कितीतरी वेळ चादरींच्या घड्या घालत राहिली, ज्या आधीच घातलेल्या होत्या.

मी नाव खोडलं नाही.

तपासणीला आलेल्यांत थोरले होते डॉ. मुअय्यद, पांढऱ्या भुवयांचे, हळू बोलणारे. उसने आणलेले डॉक्टर त्यांनी दहा मिनिटांत ओळखले, कारण त्यांना विभागातला संडास कुठे ते माहीत नव्हतं. माशांना त्यांनी हात लावला नाही. ते वह्या घेऊन बसले आणि माझ्या वहीपाशी थांबले. पानं उलटत, बोट ठेवत त्यांनी एकेचाळीस मोजले. मग खालाला बोलावलं.

ती ओले हात अंगावरच्या काळ्या अबायाला पुसत आली.

"सिस्टर, तुम्ही डॉक्टरांना शिकवता?"

"नाही साहेब. मी पाणी तापवते. चादरी बदलते."

"इथे तुमचं नाव एकेचाळीस वेळा आहे."

"पोरगी मायाळू आहे. लाडाने लिहिलं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खालानेही पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, ती मला स्पष्ट वाचता आली. आणि तरीही मी म्हणाले, "खोटं आहे, सर. मला येतं ते सगळं हिने शिकवलंय. वहीतला शब्दन्‌शब्द खरा आहे."

डॉ. मुअय्यदांनी चष्मा काढला. "माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "तीच तर अडचण आहे, बेटा."

त्यांना मी दोष देत नाही. ज्या केंद्रात डॉक्टर शिकवत नाहीत त्याला प्रशिक्षण केंद्र म्हणायचं नाही, हा नियम बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते मला त्या खोलीत कळलं, आणि अवलक्षण माझ्या वाट्याला आलंच नाही, ते दुसरीच्या वाट्याला गेलं.

महिन्याभरात मान्यता गेली. पितळी पाटी उतरली. आम्हा अकराजणींना बसरा, नजफ, बगदाद असं वाटून टाकलं. मला बसरा मिळालं. तिथे खरे शिक्षक होते, खरा वर्ग भरायचा. माझं तर भलंच झालं. डॉ. बल्कीसना एक खुलासा लिहावा लागला, तो त्यांनी दिला. आणि खालाच्या नावे आदेश निघाला. अधिकार नसताना वैद्यकीय कामात ढवळाढवळ, सबब कपड्यांच्या कोठारात बदली, प्रसूती विभागात पाऊल ठेवू नये. पुरावा म्हणून माझ्या वहीतली पानं जोडली होती. विभागात उरल्या दोन नवख्या नर्सा आणि एक टेलिफोन.

मी तिला फोन करायचे. ती म्हणायची, "बरं चाललंय. चादरी रडत नाहीत, ओरडत नाहीत." मग एका वसंतानंतर ती फोन उचलेनाशी झाली.

शेवटची परीक्षा पास झाल्यावर मी तिच्या घरी गेले. नोकरी सुटली होती. अंगणात खजुराच्या सावलीत चटईवर बसली होती. तिने चहा केला, माझ्या अंगावरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली. मग न विचारता सांगायला लागली.

"हस्ना आठवते? विभागात फरशी पुसायची ती."

आठवत होती. आम्हाला हाक मारताना 'दकतोरा' हा शब्द लांबवून चिडवणारी, पंचविशीतली.

"तिचं तिसरं बाळंतपण. दुपारी तीनला मोकळी झाली. मग रक्त. त्या दोन पोरी धावत कोठारात आल्या, खाला चल. मी म्हटलं, मला परवानगी नाही, बल्कीसबाईंना फोन लावा. त्या गेल्या. पुन्हा आल्या. मी पुन्हा तेच म्हटलं. कागद समोर भिंतीला लावला होता ना, माझ्या नावाचा, शिक्क्याचा. या वयात तुरुंगात घालतील असं वाटलं. भ्याले, यम्मा. चौतीस वर्षांत भ्याले नव्हते."

"मग?"

"तिसऱ्यांदा आल्या तेव्हा पोरीच्या बुटांना रक्त होतं. मग गेले. मूठ घातली. सगळं पीठ होतं, पातळ पीठ. तास झाला, सवा तास झाला. अमाराला न्यायला गाडी आली तेव्हा मी तशीच, हात न काढता, गाडीत चढले. कपाळ झालंच नाही. वाटेत पुलाजवळ ती गार पडली. मी तरी दाबतच होते. ड्रायव्हरने सांगितलं, खाला, आता सोड."

चहा निवला होता.

"पहिल्या हाकेत नि माझ्या जाण्यात पंचवीस मिनिटं गेली," ती म्हणाली. "मी घड्याळ बघितलं होतं. तू आता मोठी डॉक्टर. मला सांग, पहिल्या हाकेला गेले असते तर वाचली असती?"

उत्तर मला माहीत होतं. तिनेच शिकवलेलं होतं, माझ्या या दोन हातांना.

"नाही, खाला," मी म्हणाले. "नसतीच वाचली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"खोटं बोलायला शिकलीस," ती म्हणाली. "तेव्हा शिकायला हवं होतंस, यम्मा."