रंगूबाईचा आवाज आणि दोन गोळ्या

दिवाळे कोळीवाड्यातल्या रंगूबाईची हाक बेलापूरच्या सोसायटीत थेट चौथ्या मजल्यावर पोचायची. तिथे भातशेती होती तेव्हापासून ती मासळीची पाटी घेऊन त्या बाजूला येई. शेताच्या जागी इमारती उठल्या तशी तिने हाक जरा वर फेकायला सुरुवात केली, एवढंच.

पंच्याण्णव साली डॉक्टर सुमेधाताईंनी तिला प्रेशरची गोळी दिली आणि तिसऱ्या आठवड्यात कोरडा खोकला लागला. "पापलेट घ्या गो, पाप—" की ठसका! मासळीवालीच आजारी, मग मासळीचं काय, असं लोकांना वाटू लागलं. पाटी अर्धी भरलेली परत जाऊ लागली. चौथ्या मजल्यावरून गिऱ्हाइकाऐवजी खडीसाखर खाली आली.

तळमजल्यावरच्या गिरजाबाईंनाही प्रेशर होतं. त्यांची गोळी वेगळी आणि खोकला औषधालाही नाही.

"बगू तुमची गोली," रंगूबाई म्हणाली. तिने ती उजेडात धरली, हुंगली, नखाने दाबली, सरंगा ताजा आहे का पाहावं तशी.

"ल्हान हाय. पन खोकला नाय ना?"

"अजिबात नाही. माझे मात्र हातपाय गार पडतात मेले. घे ही पट्टी आणि तुझी मला दे."

सौदा झाला. गोळी तोंडात टाकून रंगूबाईने धापा टाकतच पाण्याचा तांब्या उचलला.

"अगं, जिनासुद्धा चढली नाहीस, मग धाप कसली?" गिरजाबाईंनी विचारलं.

"जुना दमा हाय. ढग आला का उठतो."

"थुंक! थुंक आधी! ही गोळी देताना डॉक्टरांनी मला पहिलं तेच विचारलं होतं!"

गोळी कोरफडीच्या कुंडीत पडली. दोघी तडक दवाखान्यात गेल्या.

"एका गोळीने खोकला येतो. दुसरीने दमेकऱ्याचा श्वास आवळू शकतो," सुमेधाताई कडाडल्या. "आणि गिरजाबाई, तुमची एकदम सोडली तर छाती धडधडेल. गार पडलेले हातपाय मला दाखवायचे, रंगूबाईला नाही!"

"समजला," रंगूबाई म्हणाली. "बोंबील आनि शिंगाला, दोनी मासलीच. पन शिंगाल्याचा काटा इखारी..."

"तेच. मला विचारल्याशिवाय हात घालायचा नाही." त्यांनी तिसरी गोळी लिहून दिली. "हिने पाय सुजू शकतात. सुजले तर लगेच यायचं."

"पाय सुजला तं बसून इकीन, बाय. मुकी बसून कशी इकू?"

महिन्याभराने हाक पुन्हा चौथ्या मजल्यावर पोचली. गिरजाबाईंनी दार उघडलं, पण पाटीकडे पाहिलं नाही.

"पाय पुढे कर."

त्यांनी रंगूबाईच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला नाही. मग कुठे त्या पापलेटकडे वळल्या.