मी पिकअप पसंत केली

एक पिकअप गाडी मी तिच्या दाराच्या आवाजावरून पसंत केली होती. दार लावलं की ‘धप्’ असा भरदार, खानदानी आवाज यायचा. गाडी घ्यायची होती ती टनभर वजनाचं यंत्र नाशकाहून सुरगाण्यापर्यंत, घाटातून आणि चिखलातून ओढत न्यायला. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही.

गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे आताच्या मानानं तरुणच. आमच्या ह्यांचं सातपूरला छोटं वर्कशॉप. जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनवता बनवता ह्यांनी एकदाचं स्वतःचं यंत्र बनवलं. भात भरडायची गिरणी, पण चाकांवरची. दोनचाकी ट्रॉलीवर गिरणी बसवलेली, शेजारी इंजिन. गाडीच्या मागे जोडायची, पाड्यावर न्यायची, वरून भात टाकायचा, खालून तांदूळ घ्यायचा.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा बायकांचा बचत गट. गटाची अध्यक्ष जनाबाई. तिनं फोनवर ह्यांना स्वच्छ सांगितलं, “भाऊ, आधी चालवून दावा, मग घेऊ. आजूबाजूच्या पाड्याच्या बायापण बघाया येणार हायेत. दुपारपर्यंत आला नाय, तर आमचा भात जीपनं गुजरातच्या गिरणीला जाईल. मग तुमची गिरणी तुमच्याकडं.”

म्हणजे गिरणी वेळेत पोचली तर आणखी चार पाड्यांवरून मागणी, आणि नाही पोचली तर ती कायमची आमच्या अंगणात, तुळशीशेजारी.

गाडी निवडायला मी स्वतःहून गेले. कारण मी वणीकडची, आणि माझे वडील म्हणजे पंचक्रोशीतले बैलांचे पारखी. लोक बैल घ्यायला निघाले की वडिलांना बरोबर न्यायचे आणि वडील मला न्यायचे. ते बैलाची शिंगं बघायचे, वशिंड दाबायचे, खूर उचलून बघायचे, शेपटीचा गोंडा हातात घ्यायचे. हे सगळं मी डोळे फाडून पाहिलेलं. त्यानंतर ते बैलाला गाडीला जुंपून, चाकं दोरानं बांधून, नदीच्या ओल्या वाळूत ओढायला लावायचे म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की तोवर मी गोडी शेव खायला गेलेली असायचे. माझं शिक्षण असं निम्म्यावरच सुटलं, पण हे मी ह्यांना सांगितलं नव्हतं.

शोरूममध्ये दोन पिकअप उभ्या होत्या. पहिली करड्या रंगाची, दोनच दारं, मागे लांबलचक हौदा, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद. सीट कसली, बाकडंच ते. दुसरी पांढरीशुभ्र, चार दारं, आत गालिचा, गाणी लावायची सोय, मागे हौदा बेताचा. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना.

हे करड्या गाडीखाली वाकून बघत होते. मी पांढरीला प्रदक्षिणा घातली. बॉनेटवर थाप मारली. दिव्यांत डोकावले. टायर दाबले. सेल्समन पोरगा माझ्यामागून वही घेऊन फिरत होता.

“मॅडम, लोड साधारण किती असेल?”

“कुणाचा?” मी दचकून विचारलं. (तेव्हा माझं वजन हा घरात निघणारा विषय नव्हता. हे एकदाच बोलले होते आणि दोन दिवस पिठलं जेवले होते.)

“ट्रॉलीचा, मॅडम.”

“ते ह्यांना विचार. मला सांग, ही मागून ढकलते म्हणजे पुढची चाकं नुसती फिरायलाच आहेत का? आणि मागे वजन नसेल तर मागची चाकं जमिनीला धरून राहतात कशी?”

आता मागे वळून पाहते तर वाटतं, त्या दिवशी शोरूममध्ये विचारलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता. पोरग्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी दार लावून पाहिलं. धप्! मी प्रश्नही विसरले आणि उत्तरही ऐकलं नाही.

“अहो, हीच,” मी म्हणाले. “तोंडावर तेज बघा की. शिवाय चार दारं आहेत, सगळ्यांना देवीच्या गडावर जाता येईल.”

“अगं, आपल्याला देवदर्शनाला नाही, चिखलात न्यायचीय,” हे म्हणाले. मग पोरग्याकडे वळून, “काय रे, चिखलात चालेल का ही?”

“सर, ही कुठंही जाते.”

“बघा,” मी म्हणाले, “कुठंही जाते.”

ह्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. “बैलवाल्यांची लेक तू. तू म्हणतेस तर घेऊ.”

निघायच्या दिवशी मी आणखी एक अक्कल चालवली. गिरणीच्या पत्र्यावर एका बाजूला वर्कशॉपचं नाव लाल अक्षरांत रंगवलं होतं, आणि ट्रॉलीवर ते पुढे, आपल्याच गाडीकडे तोंड करून होतं. मी कामगारांना सांगितलं, “फिरवा रे ती. नाव मागे येऊ द्या. मागून येणाऱ्या गाड्यांना जाहिरात दिसेल.” त्यांनी साखळीनं उचलून यंत्र फिरवलं. नाव मागे गेलं आणि नावाबरोबर इंजिनही मागे गेलं. हे तेव्हा डिझेल आणायला गेले होते.

वणी येईपर्यंत झकास. मी गालिच्यावर पाय ठेवून गाणी ऐकतेय. वणी सोडलं, उतार लागला, आणि ट्रॉली शेपटी हलवायला लागली. आधी हळूच, मग चांगली डावी-उजवीकडे. समोरून येणारी एसटी रस्ता सोडून थांबली. ह्यांनी गाडी कशीबशी बाजूला घेतली, उतरले, मागे जाऊन आले.

“इंजिन मागे कुणी नेलं?”

“नाव दिसावं म्हणून…” मी म्हणाले. “पण वजन तेवढंच आहे ना? पुढे काय, मागे काय?”

ह्यांनी शांतपणे समजावलं. पोरं फळीवर वर-खाली खेळतात ना, तसं. ट्रॉलीचं मागचं टोक जड झालं की पुढचं टोक वर उचलतं. ते अडकवलंय गाडीच्या ढुंगणाला, म्हणजे गाडीचं ढुंगणही उचलतं. मला हे इतकं आवडलं की मी उतरून, वाकून, खरंच उचललंय का ते पाहिलं. खरंच उचललं होतं. (ह्यांना माझ्या कुतूहलाचं कौतुक वाटलं असं म्हणता येणार नाही.)

यंत्र पुन्हा फिरवायला साखळी सातपूरला होती. मग आम्ही बैलगाडीच्या चालीनं घाट ओलांडला.  गाणी मीच बंद केली.

पाड्याच्या फाट्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आदल्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेलेला. डांबरी सोडून गाडी मातीच्या रस्त्याला लागली, आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. चिखल उडाला तो थेट गिरणीच्या पुढच्या पत्र्यावर; मागची लाल अक्षरं तेवढी कोरडी राहिली.

समोर चढावर जनाबाई आणि पाड्याच्या बाया उभ्या. त्यांच्यामागे जीप, भाताची पोती निम्मी चढवून झालेली. ह्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. माझ्या डोळ्यांपुढे अंगणातली तुळस.

“आली का गिरणी? आमाला वाटलं नाय येत,” जनाबाई खाली येत म्हणाली. “बघू दे तरी.”

आणि बघायला म्हणून चार-पाच बाया सरळ आमच्या हौद्यात चढल्या, कारण तिथून यंत्र नीट दिसत होतं. नेमकं त्याच वेळी ह्यांनी पुन्हा एकदा गाडी रेटली. गाडी चार हात पुढे सरकली! बाया घाबरून खाली उतरल्या. गाडी पुन्हा रुतली.

 मग माझ्याच तोंडून निघून गेलं, “अहो, वजन! मागे वजन नाही म्हणून चाकं धरत नाहीत.” शोरूममधला माझा प्रश्न घाट ओलांडून मला शोधत आला होता.

जनाबाईनं हाक मारली. होत्या नव्हत्या तेवढ्या बाया हौद्यात चढल्या. गाडी हलली, निम्मा चढ चढली, आणि पुन्हा गरगर. त्या साऱ्या बाया भात लावून, डोंगर चढून काडीसारख्या झालेल्या. जनाबाईनं इकडेतिकडे पाहिलं, आणि तिची नजर काचेतून आत, गालिच्यावर पाय ठेवून बसलेल्या माझ्यावर येऊन थांबली.

“ताई, तू पुढं काय करती?”

“मी? मी… बसलेय.”

“मागं येऊन बस की.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे समोरच्या काचेतून डोंगराकडे बघत होते. मी दार उघडलं, उतरले, दार लावलं. धप्. दोघींनी वरून ओढलं, दोघींनी खालून ढकललं, आणि मी नव्या साडीसकट हौद्यात, अगदी मागच्या फळीला टेकून बसले. गाडी एका झटक्यात चढावर. मी कुठं जाऊन बसले म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग.

गिरणी चालली. पहिल्या ओंजळीतले तांदूळ जनाबाईनं दातांखाली चावून पाहिले, आणि जीपवाल्याला पोती उतरवायला सांगितलं. येताना ट्रॉली मागे नव्हती, हौदा रिकामा होता, त्यामुळे डांबरी लागेपर्यंत मी कुणी न सांगता मागेच बसले.

महिन्याभरानं जनाबाईचा फोन आला. हे जेवत होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. भाकरी वाढता वाढता मी कान दिले. ती म्हणाली,

“भाऊ, गिरणी बेस हाय. शेजारच्या पाड्याला पण एक पायजे, लवकर आणा. गाडी बदलली असंल तर एकटे या. तीच असंल तर ताईला घेऊन या, आमच्याकडं तेवढ्या वजनाचं कोणीच नाय.”