वरच्या फांदीची माळ

गेल्या दिवाळीत आमच्याकडे सण नव्हता, तरी आमची माळ झाडावर लागली. ती मी लावली. कोणाला विचारून लावलीस, असं मला नंतर बरेच दिवस जिन्यात, नळावर, अगदी दूधवाल्यासमोरसुद्धा विचारण्यात आलं. कोणालाच विचारून नाही.

झाड आमच्या लालबागच्या चाळीच्या चौकात आहे. जंगली बदाम. सरळसोट वाढून तिसऱ्या मजल्याच्याही वर गेलेलं. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला फुलं येतात तेव्हा अख्खी चाळ नाक दाबून फिरते आणि नवे पाहुणे संडासांकडे संशयाने बघतात. पण दिवाळीत त्याला सगळं माफ असतं. तेव्हा प्रत्येक घराची एक दिव्यांची माळ झाडावर जाते. माळ त्या घराच्या गॅलरीतून निघते, तिची फांदी ठरलेली असते आणि पिन ज्याच्या त्याच्या घरातल्या बोर्डाला. त्यामुळे संध्याकाळी चौकात उभं राहून मान वर केली की कोण घरी आलंय, कोण अजून ऑफिसात आहे, कोणाकडे भांडण झालंय, सगळं झाडावर दिसतं. आमची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे, म्हणून शेंड्याजवळची फांदी आमची.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं, त्या घराची फांदी काळी राहते. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहायची गरजच कधी पडली नाही.

माळा चढवायचं काम बाबांचं होतं. झाडाला खिळा मारायचा नाही आणि झाडावर माणूस चढवायचा नाही, या दोन गोष्टींवर ते अडून बसायचे. गावाला लहानपणी ते गळाने मासे धरायचे. तीच पद्धत त्यांनी झाडाला लावली. गळाच्या तंगुसाला, म्हणजे त्या बारीक नायलॉनच्या दोरीला, शिशाचा गोळा बांधायचा आणि चौकातून नेम धरून तो फांदीच्या बेचक्यावरून पलीकडे टाकायचा. मग तंगुसाला सुतळी, सुतळीला माळ, आणि हळूहळू ओढत न्यायचं. मी वर गॅलरीत उभी राहून त्यांना हाताने खुणा करायचे. डावा हात, उजवा हात, मूठ म्हणजे थांबा. या कामासाठी त्यांनी मला निवडलं, कारण चाळीत बाकी सगळे ओरडतात.

मी ओरडत नाही. मी दादरच्या इंग्रजी शाळेत शिकले आणि चाळीत माझं नाव 'मॅडम' पडलं. मराठी मला येतं, घरात मी दुसरं काहीच बोलत नाही. पण चारचौघांत माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. लोकांना वाटतं शिष्ट आहे. वाटू दे, असं मी फार आधी ठरवलं होतं. सोपं पडतं ते.

बाबा मे महिन्यात गेले. कामावरच, हार्ट अटॅकने.

दिवाळीच्या दोन आठवडे आधी मंडळाच्या खोलीत मीटिंग झाली. मी मागे दारापाशी उभी होते. सेक्रेटरी काका चाळीतल्या सगळ्यांशी बँकेतल्या काउंटरवर बोलल्यासारखे बोलतात, बँक सोडून दहा वर्षं झाली तरी.

"यंदा झाडाचं डेकोरेटरला देऊन टाकू," ते म्हणाले. "बुंध्याला गोल गोल गुंडाळतात. लोअर परळला मॉलबाहेर असतं तसं. एकच रंग, एकच स्विच. डिसेंट दिसतं."

"खिळे मारतील," मी म्हटलं.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकी, ज्या माझ्याशी गेली दोन वर्षं फक्त 'जेवलीस का' एवढंच बोलल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगो बाई, ही बोलते?"

"दोरी मी टाकते. बाबा टाकायचे तशी."

सेक्रेटरी काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाळा, तुमच्याकडे वर्ष आहे. तू कसा हात लावणार?"

"झाड आमच्याकडे नाहीये, काका. चौकात आहे."

दोघंतिघं हसले. काकी हसल्या नाहीत. "आणि तुमची माळ?"

"ती पण लागेल."

"शिकून शिकून हे शिकली," काकी कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "बापाला वर्ष नाही झालं आणि रोषणाई."

शेवटी असं ठरलं की रविवारी मी प्रयत्न करायचा. जमलं तर जमलं, नाही तर सोमवारी डेकोरेटर. जमणार नाही याची सगळ्यांना खात्री होती, म्हणूनच इतक्या चटकन ठरलं.

मी वर येईपर्यंत बातमी आईपर्यंत पोचली होती. ती मेथी निवडत होती. "तू बोललीस?" तिने विचारलं. काय बोललीस, असं नाही.

"हो."

"नको गं. लोकांना आयतं निमित्त मिळेल."

"त्यांना निमित्त लागतं कुठे? दहाव्याला तू दोनदा चहा घेतलास, त्याचीही चर्चा झाली."

"कोण बोललं?" आईने मेथी खाली ठेवली. मग ती पुन्हा निवडायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "तंगुसाची पिशवी कपाटावर आहे. वरचा बोळा सोडवून घे, गुंता झालेला असेल."

रविवारी सकाळी मी चौकात उतरले तेव्हा तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या. गणपतीच्या आरतीला इतकी माणसं जमत नाहीत. बाबा उभे राहायचे तिथेच मी उभी राहिले, नळाच्या उजवीकडे. पहिला गोळा पाण्याच्या पिंपावर आदळला. दुसरा पहिल्या मजल्यावर वाळत घातलेल्या साडीत गेला. तिसरा केबलच्या वायरीत अडकला आणि तो सोडवायला अर्धा तास गेला.

"मॅडम, झाड मोठं आहे, दिसतंय ना?" वरून कोणीतरी.

"अहो, मागे व्हा, डोकी सांभाळा!"

पहिल्या मजल्यावरचे एक काका डोक्यावर रिकामी बादली धरून चौक ओलांडून गेले, अगदी सावकाश. सगळी चाळ हसली. मलाही हसू आलं असतं, पण मी पुढच्या फेकीसाठी दोरी गोळा करत होते आणि सगळे माझ्या हातांकडे बघतायत हे मला कळत होतं.

सातव्या की आठव्या वेळी मी थांबून वर पाहिलं. बेचकं कुठलं ते मला कळेना. खालून सगळ्या फांद्या एकमेकींवर पडल्यासारख्या दिसत होत्या. इतकी वर्षं मी हे झाड पाहिलं होतं, पण नळापाशी उभं राहून कधीच नाही. खालचं झाड बाबांचं होतं. ते मला शिकवायचं राहून गेलं होतं. माझं झाड वरचं होतं.

मी दोरी गुंडाळली आणि जिना चढायला लागले.

"झालं," सेक्रेटरी काका म्हणाले. "उद्या डेकोरेटरला फोन करतो."

"उद्या करा," मी म्हटलं. "आज अजून रविवार आहे."

आमच्या गॅलरीत आई कठड्याला टेकून उभी होती. बाबा गेल्यापासून ती दिवसाउजेडी गॅलरीत येत नसे. मी नेहमीच्या जागी, टोकाच्या खांबापाशी उभी राहिले आणि एका नजरेत प्रत्येक बेचकं ओळखलं, कुठल्या घराचं ते सुद्धा. गोळा वर फेकायची गरजच नव्हती. झोका देऊन पुढे सोडायचा होता. पहिल्याच झोक्याला तो फांदी ओलांडून पलीकडे खाली गेला आणि समोरच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरच्या काकींच्या गॅलरीपुढे लोंबकळत राहिला.

काकी त्याच्याकडे बघत होत्या. हात पुढे केला असता तर धरता आला असता.

"काकी, धरा ना," मी म्हटलं. ओरडले म्हणा. माझा आवाज चौकात घुमला आणि मलाच परका वाटला.

"ही माळ कोणाची?"

"तुमचीच."

त्यांनी गोळा धरला. "झाडाचं करीन," त्या म्हणाल्या. "तुमच्या माळेला हात लावणार नाही, आधीच सांगते."

"नका लावू."

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी, मी वरून सोडत आणि त्या समोरून ओढत, सगळ्या घरांच्या माळा चढवल्या. खिळा एकही नाही. मधेच त्यांनी मला "अगं, ढील दे, ढील! पतंग कधी उडवलास का?" असं दोनदा झापलं. आमची माळ तेवढी राहिली. ती चढवायला समोर कोणी नव्हतं, पण तिची फांदी आमच्या कठड्यापासून जवळ होती. लांब काठीने जमण्यासारखं होतं.

मी काठीला माळेचं टोक बांधत असताना भायखळ्याहून बाबांचे थोरले भाऊ आले. त्यांना कोणी फोन केला ते मला ठाऊक आहे, पण ते जाऊ दे. ते चप्पल न काढताच गॅलरीत आले. रागावले की ते मालवणीत बोलतात.

"गो, ह्या काय चल्लाहा? वर्साच्या आत रोषणाय? लोक काय म्हणतले?"

"म्हणून झालंय त्यांचं, काका."

"तुझ्या बापाशीक ह्या आवडला नसता."

"बाबांना काय आवडायचं ते विचारायला तुम्ही कितीदा आलात?"

मोठ्या माणसांशी मी अशी कधीच बोलले नव्हते. पण वाक्य परत घ्यावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "ही फांदी काळी राहिली तर दिवाळीभर अख्खी चाळ मान वर करून आमच्याकडे वर्ष आहे हे बघणार. आम्हाला ते माहीत आहे. रोज रात्री झाडावर वाचायची गरज नाही."

काका आईकडे वळले. "आणि तू काय्येक सांगणस नाय तिका?"

आई पुढे आली. "भावोजी, आत बसा, चहा टाकते," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं माळेचं मागचं टोक, पिनेचं, स्वतःच्या हातात घेतलं. "तू काठी सांभाळ. वायर मी सोडते."

काकांनी चहा घेतला नाही. ते जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबत होते, म्हणजे प्रत्येक मजल्यावर त्यांना कोणी ना कोणी थांबवत होतं.

वसुबारसेच्या संध्याकाळी माळा एकेक करून लागल्या. आईने हात पुसले, बोर्डाजवळ गेली आणि बटण दाबून लगेच बाजूला झाली, शॉक लागल्यासारखी. शेंड्याजवळची फांदी पिवळी झाली. खाली सेक्रेटरी काकांनी वर पाहिलं, मग मोबाइलमध्ये पाहिलं. समोर काकींनी दार लावून घेतलं. मी गॅलरीत उभीच राहिले, सगळ्यांना दिसेन अशी. मला तसं उभं राहायची सवय नाही. पाय दुखेपर्यंत राहिले.

किंमत दोन दिवसांनी कळली. वर्ष असलेल्या घरात कढई चढत नाही, म्हणून शेजारी फराळाची ताटं पाठवतात. आमच्याकडे दोन ताटं आली. एवढ्या मोठ्या चाळीतून दोन. काकी जिन्यात कोणाला तरी मुद्दाम मोठ्याने सांगत होत्या, "ज्यांच्याकडे दिवाळी आहे, त्यांना फराळ कशाला पाठवायचा?"

मी तडक बाहेर जायला निघाले. आईने मनगट धरलं.

"बरोबर बोलतायत त्या," ती म्हणाली. "अर्धा किलो चकलीची भाजणी घेऊन ये. आणि तेल."

"आई, तळायचं?"

"मग काय कच्ची खाणार?"

तिने दार सताड उघडं ठेवून तळल्या. पहिला घाणा तुटला, दुसरा जमला. वास तिन्ही मजल्यांवर गेला असणार, तो जावा म्हणूनच दार उघडं होतं. मग तिने एका ताटात आठ चकल्या रचल्या, वर कागद टाकला आणि ताट माझ्या हातात दिलं. कोणाकडे न्यायचं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काकींनी दार उघडलं. कागद उचलून पाहिला. एक चकली बोटांत धरून उजेडात फिरवली.

"भाजणी विकतची दिसते."

"हो."

त्या ताट घेऊन आत गेल्या. त्यांनी 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. फराळाचं ताट रिकामं परत देत नाहीत, हे चाळीत सगळ्यांना माहीत आहे. मी उंबऱ्यासमोर उभी राहिले. आतून डबे उघडल्याचा आवाज येईपर्यंत हलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि मी हलले नाही.