यशोदाबाईंचा मिकान्स

पेडण्याच्या मराठी शाळेत यशोदाबाईंनी तीस वर्षं मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट भरली, की प्रत्येक वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची. पोराने अबोलीला नुसतं 'फूल' म्हटलं की ते बाकावर उभं. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, तेव्हाही बाई म्हणायच्या, "भाषा खंयचीही घ्या, पण अबोलीला शेवंती म्हणू नका." आणि अशा या बाईंच्या घरापुढच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीत, नऊ वर्षं एक वेल खोट्या नावाने टांगलेला होता! नावही त्यांनी स्वतःच ठेवलेलं.

त्याचं असं झालं. गोवा घटक राज्य झालं त्या साली मे महिन्याच्या सुट्टीत बाई कारापूरला सुलोचनेकडे गेल्या. सुलोचना त्यांची ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण, झाडांची वेडी. तिच्या भावाने, गोकुळदासने, बंगळूरहून तिला एक वेल आणून दिला होता. काळपट मखमली पानं, कोवळं पान तांब्याच्या रंगाचं. बाई म्हणाल्या, "हा मिकान्स ना गो? आमच्याकडे पावलोपावली आहे."

"मिकान्स म्हणे!" सुलोचना उसळली. "अगो, हा मेलानोक्रायसम. दोघेही फिलोडेंड्रॉन जातीचेच, लहानपणी अगदी सारखे दिसतात. पण मिकान्सचं पान जन्मभर तळहाताएवढंच राहतं. हा खांबावर चढला की पान हातभर लांब होतं. डोळ्यांवर विसंबू नकोस, देठ चाचपून बघ. मिकान्सचा गुळगुळीत, ह्याचा मांजराच्या जिभेसारखा खरखरीत."

एवढं शिकवून ती चहा ठेवायला आत गेली.

आता आमच्याकडच्या बायकांचा एक समज आहे. मागून आणलेली फांदी कुजते, चोरून आणलेली रुजते. जास्वंद, क्रोटन असल्या चोऱ्या कुणी मनावर घेत नाही. उलट पाहुणीला सवड मिळावी म्हणून घरची बाई चहाला मुद्दाम वेळ लावते. पण हा वेल एकुलता एक होता, सुलोचनेने त्याची फांदी सख्ख्या बहिणीलाही दिली नव्हती. हे बाईंना ठाऊक होतं. तरी चहा येईपर्यंत दोन पेरांची फांदी ओल्या रुमालात आणि रुमाल पर्समध्ये गेला होता.

फांदी रुजली, आणि बाईंची झोप उडाली. वेलाला आधार दिला तर तो चढणार, चढला की पान मोठं होणार, आणि पान मोठं झालं की आंधळाही विचारील, हा सुलोचनेकडचा ना? म्हणून बाईंनी तो टांगत्या कुंडीत लावला. वेल खाली लोंबत राहिला, पानं तळहाताएवढीच राहिली. विचारणाऱ्याला बाई ठणकावून सांगत, "मिकान्स!" सुलोचनेकडे जाणं आणि तिला घरी बोलावणं मात्र त्यांनी टाळलं. ज्याच्या हातभर पानासाठी चोरी केली, त्याला नऊ वर्षं पान मोठं करू दिलं नाही. काय म्हणावं या अकलेला?

शेवटी गावच्या महिला मंडळाने झाडांचं प्रदर्शन भरवलं. अध्यक्षीण दिपाली बाईंचीच विद्यार्थिनी. तिने बल्कांवातली कुंडी विचारल्याशिवाय उचलली आणि सांगितलं, "बाई, कार्डावर नाव तुमच्या सुंदर अक्षरात लिहा. परीक्षक कारापूरच्या सुलोचनाबाई आहेत." मैत्रिणीसमोर, गावासमोर, शिकवलेल्या पोरींसमोर चोर ठरायची वेळ आली होती. तरी त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: मिकान्स.

सुलोचना एकेका कुंडीपाशी थांबत आली. देठ चाचपायची, पुढे जायची. बाईंच्या वेलापाशी आली, अंगठा देठावरून फिरवला आणि तिथेच थबकली. पुन्हा फिरवला. कार्ड वाचलं, बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. सुलोचना दिपालीला म्हणाली, "ह्याला दुसरं बक्षीस. वाढ खुंटलीय."

संध्याकाळी ती न सांगता बाईंच्या घरी आली. कुंडी परत बल्कांवात लटकत होती.

"खांब का नाही दिलास गो त्याला?"

बाईंना खोटं बोलवेना. "तू ओळखलं असतंस म्हणून. मी चोरला सुलोचने. नऊ वर्षं मला लाज वाटतेय."

सुलोचना पायरीवर बसली. तिचे डोळे भरून आले होते. "माझा मेला गो त्याच पावसात. मुळं कुजली. भाऊही पुढच्या वर्षी गेला, दुसरा कोण आणून देणार? तेव्हापासून कुठेही प्रदर्शन असलं की मी परीक्षक म्हणून जाते, आणि गावोगावच्या कुंड्यांचे देठ चाचपते. म्हटलं, देवा, माझ्या घरातून एकीने तरी चोरलेला असू दे!"

बाई रडतच कात्री आणायला उठल्या.

"कात्री ठेव," सुलोचना म्हणाली. "दिलेली फांदी रुजायची नाही. तू आत जाऊन चहा ठेव."

बाई आत गेल्या. आपण बाहेर लक्ष देत नाही हे कळावं म्हणून त्यांनी भांडी मुद्दाम आपटली, दूध दोनदा उकळलं, बल्कांवात उघडणाऱ्या जनेलाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा सुलोचनेच्या पर्समधून ओल्या रुमालाचं टोक बाहेर आलं होतं, आणि वेलाचा सगळ्यात चांगला, तांबड्या पानाचा शेंडाच गायब होता.

"साखर बेताची आहे ना?" बाईंनी विचारलं.

"बेताची आहे," सुलोचना म्हणाली. आभार तिने मानले नाहीत. मानले असते तर फांदी चोरीची राहिली नसती.