वहिनींचा ‘आ’

तळहात पालथा करायचा आणि हवा खाली दाबायची, ही भाऊंची खूण. आमच्या ऑर्केस्ट्रात कुणी ‘माझा आवाज वाढवा’ म्हणून ओरडलं की मिक्सरमागून तो पालथा हात दिसायचाच.

“तुहा नाही वाढवत गा. बाकीच्यांचा कमी करतो. मंग तू आपोआप वर येतो.”

मी इलेक्ट्रिक ऑर्गन वाजवायचो, आणि लोक फक्त मलाच ऐकायला येतात असा माझा ठाम समज होता. वादकांना हा रोग असतोच, तुम्हीही पाहिला असेल. भाऊंचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. आमचा मिक्सर त्यांनी जुन्या रेडिओंच्या सामानातून घरीच बनवला होता.

माझ्या ऑर्गनचा आवाज त्यांना कोरडा वाटायचा. एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी वहिनींना माइकपुढे उभं केलेलं. एक लांब ‘आ’ म्हणायचा होता. वहिनी आधी पोट धरून हसल्या, मग ‘आ’ म्हणाल्या आणि शेवटी म्हणाल्या, “झालं का जी? भात करपून राहिला!”

भाऊंनी ब्लेडनं टेप कापली. पुढचं हसू काढलं, मागचा भात काढला आणि उरलेल्या ‘आ’ची दोन टोकं चिकटवून गोल कडं केलं. ते टेपरेकॉर्डरवर फिरत राहायचं आणि ‘आ’ संपायचाच नाही. कापलेले तुकडे वहिनींनीच झाडून टाकले.

कार्यक्रमात भाऊ तो ‘आ’ माझ्या सुराखाली अगदी बारीक सोडायचे.

“भाऊ, काहीच ऐकू येत नाही!”

“येऊच नये. पण काढलं तं चुकल्यावानी वाटलं पाहिजे.” असं म्हणून त्यांनी बटण शून्यावर नेलं. काय सांगू, भर मांडवात मला अंगावरचा सदरा कुणी काढून घेतल्यासारखं झालं.

पुढे वहिनींना पोटाच्या दुखण्यानं धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मी दुकानात गेलो, तर भाऊ टेपांच्या ढिगात बसलेले.

“सगळ्या ऐकल्या गा. तिचं बोलणं कुठंच नाही. लोकायची गाणी भरून ठेवली मीनं.”

“‘आ’ तर आहे ना, भाऊ?”

“‘आ’ कोणाचाबी असू शकते. हसू तिचं होतं. तेच कापलं.”



तरी कडं फिरत राहिलं. टेप फिरते तशी घासली जाते. कार्यक्रम झाला की टेपरेकॉर्डरमध्ये टेप जिथं घासते तो भाग भाऊ स्पिरिटच्या कापसानं पुसायचे. कापूस तपकिरी निघायचा. ती टेपवरचीच भुकटी, आणि आवाज त्या भुकटीतच असतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

“दुसऱ्या टेपवर उतरवून घ्या ना!”

“घेतलं. त्यात सळसळ जास्त, अन् ती कमी.”

“मग वाजवू नका, बाप्पा! काहून झिजवून राहिले तिले?” मी चिडलोच.

“घरी वाजवलं तं मी अन् भिंती. इथं लोकायत राहते. तिले माणसं लागत.”

कन्हानच्या कार्यक्रमात भाऊंचा हात पहिल्यांदाच खाली दाबताना दिसला नाही. ते ‘आ’चं बटण वाढवत होते. आणखी वाढवत होते. मांडवभर नुसती सळसळ भरली. लोक ओरडायला लागले, गाणारा थांबला. भाऊंनी बटण शून्यावर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“चुकल्यावानी वाटलं का गा?”

मी जीव कानात आणून बसलो होतो. काहीच वाटलं नव्हतं.

“नाही, भाऊ.”

त्यानंतर ते ऑर्केस्ट्रात आले नाहीत. आधी दुकान बंद झालं, मग तेही गेले. आता मिक्सरवर कुणी नवा बसतो आणि सगळ्यांचं सगळं वाढवून देतो.

मला भाऊ आठवतात ते कन्हानच्या रिकाम्या मांडवातले. खुर्च्या उचलल्या जात होत्या आणि ते नेहमीसारखं टेपरेकॉर्डर पुसत होते. कापूस पांढराच निघाला. त्यांनी तो उलटून पाहिला, नवा घेतला, स्पिरिट लावलं.

“असंल गा थोडं,” म्हणाले आणि पुन्हा पुसायला लागले.